बिनकाड्यांची छत्री

छत्री मोडते म्हणजे नेमके काय मोडते, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. काडी मोडते. कापड फाटण्याआधी, मूठ निखळण्याआधी आणि दांडा वाकण्याआधी काडी मोडते. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) चिपळूणच्या बाजारपेठेत जून ते सप्टेंबर छत्र्या दुरुस्त करतात आणि उरलेले आठ महिने कुलपे, किल्ल्या आणि बॅगांच्या चेन. त्यामुळे आमची शाळेची फी, गणवेश आणि पुढे माझा कॉलेजप्रवेश, हे सारे लोकांच्या मोडक्या काड्यांवर झाले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत मामला उलटला आहे. तीन घड्यांच्या छत्रीची काडी बदलायला अण्णा चाळीस रुपये सांगतात. दोन काड्या बदलायच्या तर ऐंशी. समोरच्याच दुकानात नवी छत्री दोनशेला टांगलेली असते. गिऱ्हाईक क्षणभर विचार करते आणि मोडकी छत्री अण्णांच्याच पायाशी टाकून दुकानाकडे वळते. अशा टाकलेल्या छत्र्यांचा ढीग आमच्या पडवीत आहे. एका पावसाळ्यानंतर मी त्यातल्या काही उघडून पाहिल्या. कापड जवळजवळ सगळ्यांचे धड होते. तेव्हा मनात आले, की ज्या एका भागापायी छत्री मरते तो भागच काढून टाकला तर? आणि कापडाऐवजी कागद घेतला तर ती किती स्वस्तात होईल? प्रस्तुत लेख म्हणजे या खटपटीची हकीकत आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र मला येत नाही. जे कळले ते करून, चुकून आणि पुन्हा करून कळले, म्हणून शास्त्रशाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

आधी काडी करते काय, हे पाहायला हवे. आपल्याला वाटते की कापड काड्यांवर पसरलेले असते, जसे वाळवण दोरीवर. तसे नाही. उघडलेल्या छत्रीचे कापड ताणलेले असते आणि त्या ताणानेच काड्या धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात. कापड काड्यांना ओढते आणि काड्या कापडाला ताणतात. दोघे एकमेकांना धरून असतात. काडीला सतत वाकलेले राहायचे असते, त्यावर वाऱ्याचे हिसके सोसायचे असतात आणि तरी ती हलकी हवी. ही अडचण इंग्लंडमधल्या शेफील्डजवळच्या सॅम्युएल फॉक्सने १८५२ साली सोडवली. त्याने भरीव सळईऐवजी पोलादाच्या पट्टीला पन्हळीसारखा आकार दिला. वजन घटले, ताकद राहिली. आजही अण्णांच्या पेटीतली काडी निरखून पाहिली तर तिच्या पोटात ती लांबट पन्हळ दिसते. ही पन्हळ वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

कागदाची छत्री म्हटले की चीन-जपान आठवतात. चीनमध्ये बांबूच्या काड्यांवर कागद चिकटवून त्याला टंग झाडाच्या बियांचे तेल देत. जपानमधले गिफू शहर अशा छत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि थायलंडमध्ये चियांग माईजवळच्या बो सांग गावात हा धंदा अजून चालतो. मला वाटले, आपले अर्धे काम या लोकांनी करून ठेवले आहे. चित्रे नीट पाहिल्यावर भ्रम फिटला. आपल्या छत्रीला काड्या आठ, तर त्या कागदी छत्र्यांना तीस-चाळीस, कधी त्याहूनही अधिक! कागदाला कापडासारखा ताण सोसत नाही, म्हणून त्याला जवळजवळ आधार द्यावा लागतो. म्हणजे कागद वापरला की काड्या कमी होत नाहीत, वाढतात.

खरी वाट दाखवली ती एका झाडाने. श्रीलंकेत आणि केरळात ताली नावाचा मोठा माड होतो. त्याच्या फळाला आपल्याकडे बजरबट्टू म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘अंब्राक्युलिफेरा’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘छत्री धारण करणारा’. रॉबर्ट नॉक्स नावाचा इंग्रज खलाशी सुमारे वीस वर्षे कँडीच्या राजाच्या कैदेत होता. सुटल्यावर १६८१ साली त्याने सिंहलद्वीपावर ग्रंथ लिहिला, आणि त्यात या पानाचे वर्णन आहे. एका पानाखाली अनेक माणसे उभी राहावीत एवढे ते मोठे, आणि तरी बायकांच्या पंख्यासारखे मिटून हाताएवढे होणारे. प्रवासी आणि सैनिक ते बरोबर बाळगत आणि त्याचाच तंबू करत. हे पान जन्मतःच चुण्यांचे असते. उघडले तरी चुण्या पुरत्या सपाट होत नाहीत, आणि त्याच त्याला ताठ ठेवतात. (आपले कोकणातले इरले मात्र निराळ्या कुळातले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि वर पाने. ते मिटत नाही. पण लावणी करताना दोन्ही हात मोकळे ठेवते, आणि हे कुठल्याही छत्रीला साधलेले नाही.)

चुणीने ताकद येते कशी? उत्तरपत्रिकेची एक पुरवणी घ्या. (परीक्षेनंतर उरलेली घ्या, परीक्षेतली नको.) दोन फुलपात्री पालथी घालून त्यांवर ती आडवी ठेवा. मधोमध ती आपल्याच वजनाने झोळ खाते. आता तिलाच बोटभर रुंदीच्या उलटसुलट घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. तिच्यावर कंपासपेटी ठेवली तरी ती हलणार नाही. कागद तोच, वजन तेच. फक्त त्याला उंची आली. वाकण्याला होणारा विरोध हा जाडीवर, म्हणजे वरची कड आणि खालची कड यांतल्या अंतरावर अवलंबून असतो, आणि तो त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माझा कागद ०.२ मिलिमीटर जाडीचा आणि चुणीची उंची २२ मिलिमीटर, म्हणजे ११० पट. वर्ग केला तर बारा हजारांवर जातो. अर्थात हा हिशोब चुणी चुणीसारखी उभी आहे तोवरचा. ती एकदा कुठे मुडपली की बारा हजाराचे शून्य व्हायला वेळ लागत नाही. पत्र्याच्या छपराचा पन्हळी पत्रा याच न्यायाने माणसाचे वजन पेलतो, आणि फॉक्सची काडी तरी दुसरे काय आहे? गंमत अशी की पन्हळी कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये निघाले ते खोक्यांसाठी नव्हे, उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. म्हणजे चुण्यांचा कागद डोक्यावर घेण्याची कल्पना काही अगदीच अपूर्व नाही.

पहिली छत्री मी जुन्या वर्तमानपत्रांची केली. एक मोठे वर्तुळ कापले आणि मध्यबिंदूपासून कडेपर्यंत किरणांसारख्या घड्या घातल्या, आलटूनपालटून वर-खाली. दिसायला ती सुंदर झाली. पूर्ण वर्तुळाच्या कागदाला चुण्या पडल्या की तो आपोआप शंकूसारखा उतरता होतो, तेव्हा पाणी वाहून जाण्याचा प्रश्नही सुटला असे मला वाटले. दांड्यावर बसवून ती उचलली आणि सगळी छत्री ओल्या टोपीसारखी माझ्या कानांवर आली.

मी कागद बदलून पाहिला. जाड घेतला, मग दुहेरी घेतला. तीच गत. पुष्कळ दिवसांनी कारण समजले, आणि ते समजले बँकेच्या रांगेत उभे असताना समोरच्या इमारतीचा सज्जा पाहून. भिंतीतून बाहेर आलेला जुना सज्जा भिंतीपाशी जाड असतो आणि बाहेरच्या कडेला पातळ. कारण सगळा भार शेवटी मुळाशी येतो. झाडाची फांदीही तशीच, बुंध्यापाशी जाड. माझ्या छत्रीत नेमके उलटे होते! किरणांसारख्या घड्या कडेला रुंद असतात, आणि मध्याकडे येतायेता चुणीची उंची शून्य होते. जिथे ताकद हवी तिथे निव्वळ सपाट कागद, आणि जिथे नको तिथे उंच उंच चुण्या. शिवाय सगळ्या घड्या एका बिंदूत मिळाल्याने तिथे कागद फाटतो, आणि छत्री गळायला लागायची तर नेमकी डोक्यावरच.

तेव्हा वर्तुळ सोडले आणि लांब आयताकृती पट्टी घेतली. तिला समांतर घड्या घातल्या, शाळेत पंखा करतो तशा. मग त्या पंख्याचे एक टोक घट्ट धरून तो पूर्ण गोल फिरवला आणि दोन्ही शेवटच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. दिवाळीत कागदी चक्रे करतो तीच ही रचना. हिच्यात प्रत्येक पट्टी मुळापासून कडेपर्यंत सारख्या रुंदीची असते. मुळाशी सगळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, म्हणजे तिथे चुणीची उंची पूर्ण. कडेला त्या फाकतात, म्हणून तिथे उंची कमी. सज्जासारखेच. काटेकोरपणे पाहिले तर प्रत्येक पट्टीला किंचित पीळ पडतो, पण कागद तेवढे सहज सोसतो.

मापे सांगतो, म्हणजे कुणाला करून पाहायची असल्यास उपयोग होईल. पट्टीची रुंदी ४५ सेंटिमीटर, म्हणजे छत्रीची त्रिज्या. लांबी ३२० सेंटिमीटर. दर ४ सेंटिमीटरवर घडी, म्हणजे ८० पट्ट्या आणि ४० चुण्या. हिशोबाला महत्त्वाची लांबी आहे. उतार धरून कडेचा परीघ सुमारे २६६ सेंटिमीटर येतो. लांबी तेवढीच घेतली तर कडेला चुण्या अगदी सपाट होतील आणि कड लुळी पडेल. फार जास्त घेतली तर वजन आणि कागद फुकट. ३२० घेतल्यावर कडेलाही चुणीची उंची २.२ सेंटिमीटर उरते. यात कागद साध्या वर्तुळाच्या दुपटीहून जास्त लागतो, हे खरे. पण कागद स्वस्त आहे, म्हणून तर हा खटाटोप!

आता उतार. वरील चक्र सपाट असते, त्यावर पाणी साचते. यासाठी मी नाना प्रकार केले आणि शेवटी उत्तर निघाले ते एका तिरक्या कापाचे. सगळ्या घड्या मिटून ८० पट्ट्यांची गड्डी केली की तिचे मुळाकडचे टोक काटकोनात न कापता थोडे तिरके कापायचे. खालच्या घडीकडून दीड सेंटिमीटर कमी करायचे आणि वरच्या घडीकडे शून्यावर आणायचे. ही तिरकी कड उभ्या दांड्याला टेकली की सगळ्या चुण्या आपोआप २० अंशांनी खाली झुकतात. एकच काप, आणि छपराला उतार! आमच्या गल्लीतल्या सुताराला हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, “वाशाचं टोक आम्ही असंच तासतो की.” म्हणजे मी दोन महिने जे शोधत होतो ते वीस पावलांवर होते.

कागद घेतला तो खाकी, दुकानदार ज्याला क्राफ्ट म्हणतात तो. १८७९ साली जर्मनीत कार्ल डाल याने काढलेल्या रीतीने हा लगदा होतो, आणि त्या भाषेत ‘क्राफ्ट’ म्हणजे ताकद. लांब धाग्यांच्या लाकडापासून झालेला असल्याने तो सहज फाटत नाही. मी चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा घेतला. इथे एक चूक झाली, ती इतरांनी करू नये. ९० सेंटिमीटर रुंदीच्या गुंडाळीतून मी सरळ सव्वातीन मीटर कागद ओढून घेतला आणि घड्या घालू लागलो. घड्या वेड्यावाकड्या येत, कडेला तडकत, आणि छत्रीही लेचीपेची झाली. कागदालाही लाकडासारखी धारा असते. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने लागतात. (वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वाकडेतिकडे, ते याचमुळे.) तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ पडते, आणि त्याच दिशेने कागद अधिक ताठही असतो. छत्रीला दोन्ही गोष्टी एकाच दिशेने हव्या आहेत: दांड्यापासून कडेकडे. म्हणून एक लांब पट्टी न घेता गुंडाळीचे ४५-४५ सेंटिमीटरचे चार तुकडे कापायचे, प्रत्येकाची रुंदी ८४ ठेवायची, आणि एकेक पूर्ण पट्टी एकमेकींवर चढवून तीन सांधे चिकटवायचे. चौथा सांधा मोकळा ठेवायचा. तो का, ते पुढे येईल. कागदाचे वजन होते सुमारे १८० ग्रॅम.

एवढे करून छत्री उभी राहिली. मुळाशी वरच्या आणि खालच्या कडेजवळ भोके पाडून दोन दोरे ओवले आणि दांड्याला पाडलेल्या दोन खाचांत ते घट्ट बांधले. कागदाचा भार खाली ओढतो तेव्हा वरच्या दोऱ्यावर ताण येतो आणि खालची कड दांड्यावर रेटते. खालून वारा आला की याच्या उलट. पण उभी राहिली म्हणजे टिकली असे नव्हे. हलवली की एका बाजूच्या चुण्या फाकून सपाट होत, दुसऱ्या बाजूच्या गोळा होत, आणि सपाट झालेली बाजू मान टाकी. मी कडेला पुठ्ठ्याचे तुकडे लावून पाहिले. कडेला तार लावावी असेही मनात आले. म्हणजे हाकललेली काडी मागच्या दाराने आत घेण्यासारखेच.

हे सगळे मी अण्णांपासून लपवून करत होतो. कारण उघड आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे काड्या बदलल्या त्याच्या घरात मुलगा बिनकाड्यांची छत्री करतो आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण एका रविवारी ते पडवीत आले आणि ती मान टाकलेली छत्री त्यांच्या हाती लागली. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्यांनी ती दोन-तीनदा उघडमिट केली, कडेवरून बोट फिरवले आणि विचारले,

“काठ कुठाय हिचा?”

मी म्हटले, “काठ म्हणजे?”

“अरे, कापडाच्या छत्रीचा काठ उसवला की काडी धड असली तरी छत्री डुलते. काड्या एकमेकींना काठानं बांधलेल्या असतात. तू सगळ्यांना मोकळं सोडलंयस. दोरा घाल.”

आणि त्यांनीच पेटीतून मेण लावलेला दोरा काढला. कडेपाशी, खालच्या घडीच्या प्रत्येक टोकाला भोक पाडून, दोन टोकांमध्ये ६ सेंटिमीटर ६ मिलिमीटर अंतर राहील अशा गाठी मारत, त्यांनी तो चाळीसही टोकांतून फिरवला. आता कुठलीही चुणी ठरल्यापेक्षा जास्त फाकू शकेना, आणि एकीने जास्त जागा घेतली नाही की दुसरीला गोळा व्हावे लागत नाही. छत्री डुलायची थांबली. या एका दोऱ्याने जे काम केले ते माझ्या सगळ्या पुठ्ठ्यांनी केले नव्हते.

राहिले पाणी. कागदाचे तंतू एकमेकांना धरून असतात ते बंध पाण्याने सुटतात. साधा कागद पुरता भिजला की त्याच्या कोरड्या ताकदीचा दहावा हिस्साही उरत नाही. प्रथम मी मेणबत्तीचे मेण वितळवून लावले. पाणी थेंबाथेंबांनी घरंगळले, अळूच्या पानावरून घरंगळते तसे. पण तिसऱ्यांदा मिटल्यावर प्रत्येक घडीवर मेणाला पांढरी चीर पडली आणि नेमक्या तिथूनच पाणी झिरपले. मग रंगाच्या दुकानातून जवसाचे उकळलेले तेल आणले. हे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचाच चिवट पापुद्रा बनतो आणि तो घडीबरोबर वाकतो. क्रम महत्त्वाचा: आधी चिकटवणे, मग घड्या, मग तेल. तेल आधी लावले तर सांधे चिकटत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात दोन हात वाळायला आठवडा पुरला. जूनमध्ये केलेली दुसरी छत्री पंधरवडाभर चिकट होती आणि तिला घरातल्या सगळ्या मुंग्यांनी भेट दिली. एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. तेलाने भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्यातून उष्णता निघते आणि गोळा आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतो. ते पाण्यात बुडवावेत, किंवा एकेक सुटे पसरून उघड्यावर वाळवावेत.

दांडा बांबूचा. दांड्याच्या माथ्यावर, जिथे चुण्यांची तोंडे येतात, तिथे टोपण हवे. मी अर्धी करवंटी बसवली, आणि कोकणात तिच्याइतके हुकमी, फुकट आणि पाण्याला न जुमानणारे टोपण दुसरे नाही. चौथा सांधा मोकळा ठेवला होता, त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून कपडे वाळत घालायचे तीन चिमटे लावायचे. मिटताना चिमटे काढायचे, दोरे सैल करायचे, दांडा ओढून घ्यायचा आणि पंखा मिटवायचा. ४५ सेंटिमीटर लांब आणि साधारण मनगटाएवढी जाड अशी गड्डी होते. दांडा वेगळा. उघडायला मला एक मिनिट लागते. पाऊस तेवढा थांबत नाही, हे मान्य.

(घड्यांच्या बाबतीत जपानच्या कोर्यो मिउरा या शास्त्रज्ञाचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी १९७० साली एक तिरकी घडी शोधली. कागदाचे एक टोक ओढले की सगळा कागद एका झटक्यात उलगडतो. १९९५ साली अवकाशात सोडलेल्या एका जपानी यानावर या घडीचे फलक उलगडून पाहिले गेले. मीही ती छत्रीसाठी करून पाहिली. उलगडते झकास, पण सपाट आणि चौकोनी. डोक्यावर नकाशा धरल्यासारखे वाटते.)

आता पावसाची गोष्ट. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी ती घेऊन घरापासून कॉलेजपर्यंत, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर चाललो. पाऊस सरळ होता. चाळीस पन्हळींतून चाळीस धारा पडत होत्या. त्यातली एक नेमकी पाठीवरच्या दप्तरावर. बाकी मी कोरडा पोचलो. वर्गाबाहेर मुले जमली आणि एकाने विचारले, “हे लग्नातलं मखर कुठून आणलंस?” अशा चालीने ती छत्री अकरा दिवस टिकली. घड्यांच्या कडा हळूहळू मऊ पडल्या, आणि बाराव्या दिवशी वारा आला.

वाऱ्याचा हिशोब मी नंतर केला. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ६ किलो वजनाइतका दाब देतो. माझ्या छत्रीचे क्षेत्र अर्ध्या चौरस मीटरहून थोडे जास्त. म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे साडेतेरा किलो. १८० ग्रॅमच्या कागदाकडून ही अपेक्षा करणेच चूक. वाशिष्ठीच्या पुलावर छत्री उलटी झाली, तीन चुण्या मुळाशी मुडपल्या. तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मी ती पुन्हा सुलटी केली, चुण्या बोटांनी सरळ केल्या आणि तिच्याखालीच घरी आलो. वाकलेली पोलादी काडी रस्त्यात सरळ करता येत नाही. मात्र मुडपलेल्या जागी कागद कायमचा कमजोर होतो. चौथ्या उलटीनंतर ती संपली.

वहीतला जमाखर्च असा: कागद १८ रुपये, तेल ३०, बांबू आणि दोरा १२, करवंटी आणि चिमटे घरचे. एकूण साठ रुपये. हा आकडा मी मोठ्या अभिमानाने आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारले, “आणि तुमचे तास किती गेले?” मी सांगितले, सहा. सर काही बोलले नाहीत, वही परत दिली. सहा तासांची मजुरी धरली तर ही छत्री दुकानातल्या छत्रीहून महाग आहे, आणि ती अकरा दिवस टिकते. पुढे मी घड्या पाडण्यासाठी पुठ्ठ्याचा साचा केला. दोन पुठ्ठ्यांना खाचा पाडून त्यांमध्ये कागद दाबला की वीस घड्या एकदम पडतात. वेळ अडीच तासांवर आला. त्याहून खाली आणणे मला जमलेले नाही. बहुतेक वेळ दोरा ओवण्यात जातो. तेव्हा ‘स्वस्त’ हा शब्द मी जपून वापरतो. ज्याच्यापाशी पैसा कमी आणि वेळ मोकळा आहे त्याच्यापुरती ती स्वस्त आहे. उन्हाळ्यासाठी मात्र तेलाचा एकच हात पुरतो, वाऱ्याचा जोरही कमी असतो, आणि ती दोन महिने सहज निघते. या बाजूचा विचार मी आरंभी मुळीच केला नव्हता.

तो केला अण्णांनी. त्यांच्या बसायच्या जागेवर दुपारी उन्हाची तिरीप येते. माझी दुसरी छत्री (मुंग्यांची) त्यांनी मार्चमध्ये नेऊन एका खुंटाला बांधली. लोक छत्री दुरुस्त करायला नव्हे, ती पाहायला थांबू लागले. एका भाजीवालीने किंमत विचारली. अण्णांनी सांगितले, विकायची नाही, पण कागद आणून दिलास तर पोरगा करून देईल. घरी येऊन मला म्हणाले, “तिला पाटीसकट सावली पाहिजे. केवढी मोठी होईल?”

मी बसून हिशोब केला. त्रिज्या दीडपट, म्हणजे साडेसदुसष्ट सेंटिमीटर केली तर क्षेत्र सव्वादोनपट होते आणि वाऱ्याचा जोरही तितकाच. शिवाय तो जोर दांड्यापासून दीडपट लांब लागतो, म्हणजे मुळावरचा भार साडेतीनपटींच्या जवळ जातो. पट्टीची रुंदी ४ ऐवजी ६ सेंटिमीटर करावी लागेल, आणि मुळाशी कागद दुहेरी. भाजीवालीने काल चार मीटर खाकी कागद आणून दिला आहे. तेल उद्या आणायचे आहे. दोरा ओवायला अण्णा बसणार आहेत.